सात हातांची रताळी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. नवरा फर्निचरला पॉलिश मारणारा. नखं अजून तपकिरीच होती.

"भाऊ, करवतीचं पातं द्या. बारीक दातांचं."

"लाकूड कुठलं?" दुकानदारानं विचारलं.

"रताळी आहेत."

"आई जेवायला आलीय," बायको म्हणाली. "जावयाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, असं लग्नापासून म्हणतेय. म्हणून आज हे बाह्या सरसावून उभे राहिले."

"कृती सोपी होती हो. ट्रेमध्ये चकत्या लावायच्या, वर गूळ, लोणी आणि दालचिनी लावून ओव्हनमध्ये भाजायच्या."

"एकदा लावायचं असतं ते! यांनी सात हात मारले. प्रत्येक हात वाळवला, वरून घासला."

"कशानं घासला?"

"कोऱ्या पॉलिशपेपरनं. खायची वस्तू आहे, एवढं कळतं मला!"

"आता अख्ख्या ट्रेची एक फळी झालीय. दोन सुऱ्या मोडल्या."

"मग हातोडीच न्या ना, वहिनी."

"हातोडी? अहो, चकाकी जाईल!" नवरा म्हणाला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. "हो आई, निघालोच. काय? खरंच? बरं, सांगते यांना."

"काय म्हणाल्या?"

"तुमचं कौतुक करत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच."

"बघ! रताळी आवडली ना?"

"टेबलावरच्या त्या लख्ख आरशात बघून तिनं भांग पाडला. आता म्हणतेय, आरसा उचला आणि रताळी वाढा."