गुड्डीचं बटन आणि मशीनची जाळी

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं! घड्याळ पाहूनच सांगते बायांनो, कारण त्याच टायमाले आमचे हे डबा घेऊन ऑफिसले निघते, आणि त्याच टायमाले मी अशी ओरडली, अशी ओरडली, की यांच्या हातातला डबा पायरीवर पडला आणि आलूची भाजी पार सायकलच्या चाकापर्यंत गेली... पण भाजीचं सोडा! गुड्डीच्या झबल्यावर बटनं किती होते? तीन. आणि मी पाहते तं किती? दोन!

आता तुम्ही म्हणाल, एका बटनासाठी एवढा तमाशा काहून? अवं, नऊ महिन्याचं लेकरू आहे माझं! जे दिसंल ते तोंडात. काल खडू चावला, परवा यांच्या चपलेचा अंगठा चावला. आणि आता बटन गायब, आणि पोट्टी बसली आहे तोंड मिटून, माझ्याकडे पाहून हासून राहिली! मी बोट घालून पाह्यलं. दोन दात, बाकी काही नाही. मंग बटन गेलं कुठं? पोटात! दुसरं कुठं जाईल?

त्या टायमाले मले कोणी एक शब्द सांगितला असता ना, तं पुढचे दोन दिवस वाचले असते. पण सांगणार कोण? मले एकच सांगा बाप्पा, जाळी अशी लपवून ठेवायची वस्तू आहे काय?

थांबा, थांबा, जाळी कोणती ते तं सांगितलंच नाही.

आमचे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, असते कुवेतले. त्याईनं या वर्षी आमच्यासाठी मशीन पाठवलं. कायचं? कपडे वाळवायचं! गरम हवेचं! नागपूरले! मे महिन्यात इथं चादर दोरीवर टाकली तं दुसरं टोक टाकेपर्यंत पहिलं वाळते, आणि त्या गावाले गरम हवेचं मशीन! सगळा मोहल्ला हासला. मी पण हासली. पण मंग लागला श्रावण. दिवसाले वीस लंगोट, आठ दुपटे, दोरीवर तीन दिवस ओलेच, घरभर तो आंबूस वास, अन् शेवटी मी चुलीवर लंगोट धरून बसायची, जशी काही पोळीच शेकून राहिली! मंग मशीन लावलं. आणि पहिल्यांदा ते कोरडे, गरम गरम लंगोट हातात आले ना, खोटं नाही सांगत, मी गालाले लावून रडली.

आता भासऱ्यांनं बहिणीलेही एक पाठवलं, उत्तराताईले, माझ्या नणंदेले, धंतोलीत राहते. पण तिचं मशीन वेगळ्या कंपनीचं. तिच्या मशीनचं दार उघडलं का तिथंच उंबरठ्यावर एक खाच, आणि खाचीत जाळी. कपड्यातून जो भुगा निघते ना, कापसासारखा, तो सगळा त्या जाळीवर चिकटते. उत्तराताई दर खेपेले जाळी ओढते, भुगा काढते, परत खुपसते. मी घरी येऊन आमच्या मशीनचं दार उघडलं. उंबरठा पाह्यला. सपाट! जाळीबिळी काही नाही.

मी यांना म्हटलं, "अजी, आपल्या मशीनले जाळी नाही."

"नसंल. कंपनी वेगळी आहे."

"पुस्तकात पाहा ना एकदा."

"पुस्तक मशीनच्या पायाखाली आहे."

हाव, खरंच! आमची फरशी आहे उतरती, मशीन लागलं का नाचत नाचत मोरीकडे जाते, म्हणून यांनी पुस्तकाची घडी करून पायाखाली दिली. बी.ए. झालेला माणूस! मी सातवी शिकलेली, पण मी तं पुस्तक पायाखाली नसतं दिलं. बरं, मलेही काय गर्व झाला! शेजारच्या सिंधूताईले ऐटीत सांगितलं, "आमच्या मशीनले जाळीच लागत नाही!"

तं ते बटन. निघालो आम्ही धंतोलीले, मी, गुड्डी, हे, रिक्षात. उत्तराताईच्या गल्लीतच डॉक्टर. त्यांनी गुड्डीची छाती ऐकली, पोट दाबलं, पोट्टीनं त्यांचा पेन तोंडात घातला.

"श्वास चांगला चालू आहे. गेलं असेल तर पोटात गेलं."

मी म्हटलं, "फोटो काढा ना डॉक्टरसाहेब, पोटाचा!"

"प्लास्टिक फोटोत दिसत नाही, बाई."

"मंग काय दिसते?"

"हाडं."

"हाडं तं मले माहीत आहे, आहेत!"

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "घाबरू नका. खोकला आला, उलट्या झाल्या, तर लगेच आणा. नाही तर दोन दिवस शी पाहत राहा." शी पाहत राहा! जशी काही तार येणार आहे!

घरी आलो तं सिंधूताई दारात उभी. "अवं शामला, केळं दे तिले, केळं! केळं सगळं घसरवत घेऊन जाते. अन् लेकराच्या झबल्याले कोणी बटन लावते काय वं? नाड्या असते नाड्या! आमचे पाच वाढले नाड्यांवर." आता काय सांगू तिले, झबलं पण कुवेतचंच होतं. मोत्यासारखे बटनं, तुरीच्या दाण्याएवढे. मलेच भल्ली हौस! त्या दिवशी सकाळीच मशीनमधून काढलं अन् घाईघाईत गुड्डीच्या अंगात चढवलं होतं. त्या वेळी बटनं मोजले होते काय मी? कोण मोजते?

मंग सुरू झालं केळं. सकाळी केळं, दुपारी केळं, संध्याकाळी कुस्करून दुधात केळं. आणि जेवढं केळं तेवढी शी, आणि जेवढी शी तेवढे लंगोट, आणि एकेक लंगोट मी उजेडात धरून, उदबत्तीच्या काडीनं... जाऊ द्या, तुमचं जेवण व्हायचं असंल. हे ऑफिसातून वाण्याच्या फोनवर फोन करायचे, वाणी दुकानातून ओरडायचा, "वहिनी, साहेब विचारून राहिले, आलं काय?" मंग वरच्या माळ्यावरून, "आलं काय वं?" समोरच्या घरून, "आलं काय?" पोस्टमन आला, तोही विचारते, आलं काय! अन् मी दर वेळी मान हालवायची, बटन तिच्या पोटात आहे का माझ्या, तेच कळंना. दोन रात्री तिच्या नाकाशी हात धरून होती मी. श्वास चालू आहे का नाही, श्वास चालू आहे का नाही...

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरंच सुरू. एक घंटा मशीन चालवलं, लंगोट ओले. दीड घंटा चालवलं, तरी ओले! आणि वर जळका वास. म्हटलं झालं, पोरीच्या पोटात बटन, आता घराले आग! खटकन बटन दाबून... हे मशीनचं बटन... बंद केलं. तेवढ्यात उत्तराताई आली गुड्डीले पाहायले. दारातच नाक वर करून म्हणते, "वहिनी, जाळी केव्हा साफ केली?"

"आमच्याले जाळी नाही."

"जाळी नाही असं होतच नाही वं!"

आणि उत्तराताई चक्क डोकं घालून मशीनच्या आत गेली. आतून आवाज कसा, विहिरीतून यावा तसा, "वहिनीऽऽ, हे पाठीमागं गोल झाकण कायचं आहेऽऽ?"

"ते मशीनचंच आहे, पाठ आहे त्याची!"

तिनं पिळलं. फट्‌कन निघालं. झाकणाले बोट जाईल एवढ्या फटी, आणि त्याच्या मागं... जाळी! आणि जाळीवर काय? पुरणपोळीएवढं, जाडजूड, राखाडी घोंगडं! दोन महिन्याचं! पापुद्रे मोजून घ्या, हा पांढरा लंगोटांचा, हा नारंगी गुड्डीच्या स्वेटरचा, हा हिरवा माझ्या लुगड्याचा. हवा जाईल कुठून? कपडे वाळतील कशे? आणि त्या घोंगड्यात रुतून बसलेलं, पांढरंशुभ्र, तुरीच्या दाण्याएवढं...

बटन!

बायांनो, मी ते बटन कपाळाले लावलं. गुड्डीले उचललं, तिच्या पोटाचे मुके घेतले, ती खिदळली, मी रडली, उत्तराताई भुग्यानं शिंकली. आणि मी दारात जाऊन ओरडली, "आलं होऽऽ, आलं!"

वरून आवाज, "कुठून आलं वं?"

"पाठीमागून!"

"मंग बरोबर आलं!"

कोणाले कोणाले समजावू? त्याच घोंगड्यात यांच्या शर्टाचे दोन बटनंही निघाले, ज्याच्यासाठी मी इस्त्रीवाल्या नत्थूले मागच्या महिन्यात नाही नाही ते बोलली होती. त्याले चहा पाजायचा आहे आता.

संध्याकाळी यांनी पायाखालचं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर चित्र! मशीनची पाठ, गोल झाकण, आणि त्याच्याकडे जाणारा बाण. केवढा? बोटाएवढा! हे त्या बाणावर बोट ठेवून म्हणते, "मी म्हटलं होतं ना, कंपनी वेगळी आहे."

पोरगी बरी आहे, मले भांडायची ताकदच नव्हती. पण उत्तराताईची दारातली जाळी बरी का आमची पाठीमागची, हा विचार मी केला. दारातली दिसते, पण भुगा सगळा खाली सांडते, रांगतं लेकरू तो खाईल. पाठीमागची सांडत नाही, पण दिसत नाही. दोन्हीकडे जीव लेकराचाच टांगणीले! त्या मशीनवाल्याच्या घरी लेकरं नसते काय? मले सांगा, जाळी अशी लपवून ठेवायची वस्तू आहे काय?

आता पुस्तक कपाटात आहे. मशीन नाचू नये म्हणून त्याच्या पायाखाली तेच झबलं घडी करून दिलं, कुवेतचं, दोन बटनंवालं. गुड्डी नाड्यांच्या झबल्यात फिरते, नाड्या चावते, चावू दे.

एक करा माझ्यासाठी, चार जणींले सांगा. मले माहीत आहे, तुमच्यापैकी कोणाकडेच असं मशीन नाही, माझ्या ओळखीत अख्ख्या नागपुरात दोनच, आणि दोघींनाही आता कळलं आहे. तरी सांगा. कोणाचा भाऊ जाईल, कोणाचा भासरा जाईल, मशीन पाठवंल, काही नेम नाही. म्हणा, जाळी दारात नसली तं डोकं आत घालून पाठीमागं पाहा. आणि केळं द्यायच्या आधी पाहा, बाप्पा, आधी! कारण बटन सापडलं, जाळी सापडली, पण आमच्या पोट्टीले आता केळ्याशिवाय घासच उतरत नाही.