मशीन माझ्याकडं वळलं

मी मूळची पाटणकडची, लग्न होऊन इकडं आले ती आलेच, मालक वारले तरी गावी गेले नाय, आता दिवा स्टेशनजवळ राहतो, मुलगा, सून सोनाली, नात आर्वी आणि मी, खोली एकच, आणि कामाला कोलशेतला भंगाराच्या गोदामात, तांबं वेगळं, पितळ वेगळं, लोखंड वेगळं करायचं. घाण काम आहे पण मला आवडतं, खोटं कशाला बोलू, घरात बसून मला सुचत नाय.

तर तिकडं एक मीटरवाला असतो, इस्त्रीएवढं मशीन हातात धरून भंगाराच्या गाडीभोवती फिरवतो, कारण भंगारात कधी कधी किरणं सोडणारी वस्तू येते, दिसायला साधं लोखंड, वास नाय, धग नाय, आणि माणसाला आतून खाते. मशीन नुसतं वाजत नाय, कुठला पदार्थ आहे त्याचं नावपण दाखवतं.

त्या सकाळी ते जे वाजायला लागलं, काय सांगू तुम्हाला, सगळे पळाले, मीपण पळाले, आणि मी लांब गेले तसं ते गप झालं. गाडीत काय नाय, मीटरवाला म्हणाला, या सगळे. आलो तर परत वाजलं. मग एकेकाला पुढं बोलावलं, माझा नंबर आला आणि ते मेलं असं ओरडलं की रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी शेवंता, तिनं पदर तोंडाला लावला आणि मागं सरकली. राग आला मला, पण भीती जास्त होती. त्यानं मशीनवरचं नाव वाचलं आणि हळूच विचारलं, मावशी, थायरॉईडचं औषध घेतलंत का हल्ली? घेतलेलं हो, हॉस्पिटलात, गेल्याच आठवड्यात, गळ्यातल्या थायरॉईडसाठी गोळी दिलेली, ती पण किरणं सोडणारी, हे मला तेव्हा कळलं. काम जाईल म्हणून इथं कोणाला बोलले नव्हते.

घाबरू नका म्हणाला, आपोआप कमी होतं ते, पण घरी लहान मूल आहे का? आहे ना, नात आहे, मी म्हणाले.

हॉस्पिटलातल्या बाईनं सांगितलेलं ना, नातीपासून लांब राहा. मी राहिले की. आम्ही पाळीत बाजूला बसायचो तशी बसले, ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं, मध्ये साडीचा पडदा, पोरीला शिवले नाय. शिवायचं नाय, म्हणजे झालं, असं माझं डोकं. ती पलीकडं आजी आजी करून रडायची, मग मी पडद्याला डोकं लावून तिला गोष्ट सांगायची, ती झोपेपर्यंत, रोज. आणि ते मशीन तर गाडीच्या पलीकडून, मध्ये एवढा पत्रा असताना मला ओळखत होतं, मग साडी काय अडवणार होती?

घरी गेलेच नाय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गोदामामागच्या रिकाम्या खोलीत राहिले. पण मीटरवाल्याचे पाय धरले, बाबा, एकदा पोरीला बघ. सोनाली तिला गेटवर घेऊन आली, मी लांबूनच बघत होते, त्यानं मशीन तिच्या गळ्याजवळ धरलं, पोटाजवळ धरलं, आणि ते गप. सोनाली रडायलाच लागली. मी लांबूनच ओरडले, म्हणजे काय झालं नाय ना रे? मीटरवाला पोरगा खोटं बोलला नाय. म्हणाला, औषध तिच्या अंगात गेलेलं नाय, एवढंच हे सांगतं, तुमच्याकडून जी किरणं तिच्या आरपार गेली ती मागं राहत नायत, ती याला दिसणार नायत. मग डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, अगदी थोडं असणार, काय होत नाय.

आता घरीच आहे, आर्वीनंच पडदा ओढून काढला, रोज माझ्या कुशीत झोपते. तिला जरा कणकण आली की माझा हात आधी तिच्या गळ्यावर जातो, गाठ लागते का बघायला. सोनाली म्हणते, आई, पुरे आता. पुरे कसं होईल गं? देवाला एकच सांगते, माझ्यातून तिच्यात काय जायचंच असेल तर माझं उरलेलं आयुष्य जाऊ दे, दुसरं काय नको.