आईचं उत्तर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, शिक्षण खात्याचे तपासणीचे साहेब घरी येऊन गेले का?"

"गेले, आणि मी सुटले बाई! लेकीला आणखी वर्षभर घरीच शिकवायची परवानगी मिळाली."

"काय विचारलं तिला?"

"अपूर्णांकाचं गणित घातलं. ही आपली पेन्सिल चावत बसली. मग मीच हळूच उत्तर पुटपुटले."

"काय हे, वहिनी!"

"अगं, जीव टांगणीला लागला होता माझा! तर ही साहेबांदेखत म्हणते, 'आई, तुझं चुकलंय. थांब जरा, मी विचार करतेय.'"

"अगं बाई! मग?"

"साहेब पोटभर हसले आणि तिथल्या तिथे सही केली."

"आणि तिचं उत्तर?"

"तेही चुकलंच की! पण माझ्यापेक्षा वेगळं."