शार्कचे दात

जयपूरच्या सिविल लाइन्समधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बापलेक बसले होते. वडिलांचा गाल सुजला होता. मराठी कानावर पडलं आणि मी हातातलं मासिक मिटलं.

"अनुया, डेंटलची सीट आज पक्की करायची आहे. आणि तू म्हणतेस भूविज्ञान. मतलब, दगड?"

"दगडच. बाबा, स्टेनो माहितीये?"

"नाही. आणि मला जास्त बोलायला लावू नकोस, ठणकतंय."

"साडेतीनशे वर्षांपूर्वीचा डॉक्टर. इटलीत त्याच्याकडे शार्कचं डोकं आलं, चिरून बघायला. त्यातले दात डोंगरात सापडणाऱ्या काही दगडांसारखे हुबेहूब दिसले."

"मग?"

"मग त्याच्या लक्षात आलं, ते दगड म्हणजे जुने दातच. म्हणजे तिथं कधीतरी समुद्र होता. तेव्हापासून तो खडकांच्या मागे लागला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे त्यानं सांगितलं."

"आणि डॉक्टरकी?"

"सुटली."

"मग जन्मभर दगड?"

"नाही. पुढे तो बिशप झाला."

"म्हणजे दगडही टिकले नाहीत!"

"बाबा, हसू नका, दुखेल."

"दुखतंयच. तू बिशप होणार नाहीस ना?"

"नाही हो."

"दात बघायला आवडतच नाहीत का तुला?"

"आवडतात. पण दगडातले."

वडिलांना आत बोलावलं. दार उघडंच राहिलं.

"आइए जी. बिटिया तो हमारी लाइन में आ रही है ना?"

"नहीं डॉक्टरसाहब, वो पत्थर पढ़ेगी. आप मेरी दाढ़ देखिए."