तीन बटणांचा कीबोर्ड

टाइपरायटरवर नोकरी काढलेली मी. कीबोर्डचं बोलणं निघालं की कान टवकारतातच. दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक होती. काउंटरवरचा मुलगा त्यांना कीबोर्ड दाखवत होता.

“काका, हा बिनवायरचा. तीन ठिकाणी चालतो. बटण दाबलं की कॉम्प्युटरवरून फोनवर.”

“हाच द्या.”

“बाबा, एक कॉम्प्युटर, एक फोन. तिसरं बटण कशाला?”

“तुझ्या आईच्या फोनला.”

“तो अजून चालू आहे?”

“तुझी मावशी रोज त्यावर विचारते, जेवलीस का. त्या इवल्या अक्षरांवर माझं बोट धड पडत नाही.”

“म्हणजे आई गेल्याचं मावशीला कळवलंच नाहीत? मला तर म्हणालात, कळवलं!”

“अंथरुणाला खिळलीय ती. ऐकूही येत नाही. कुणी कसं सांगायचं?”

“मग लिहिता काय?”

“जेवले.”

“नुसतं जेवले?”

“अजून काय लिहायचं?”

लेक बराच वेळ त्या कीबोर्डवरून बोट फिरवत राहिली.

“दादा, हाच बांधून द्या. आणि बाबा, आई नुसतं जेवले म्हणून थांबायची नाही. ‘आणि तू गं, ताई?’ असं विचारायची. तेवढं लिहीत जा.”