म्हातारा काही मरत नाही

हॅलो?… कोण, ताई? अगं, फोन कुणाचा हा?… शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा? बरं बरं, बोल. नाही, मोकळी कसली, शर्टाची कॉलर शिवतेय. हो, लावलाय रेडिओ.

आधी तू सांग. उद्याच्या ऑपरेशनचं काय म्हणाले डॉक्टर?… सकाळी सहाला नेणार? भीती वाटतेय का तुला?… मग मलाच का वाटतेय कोण जाणे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळपासून दोन सुया मोडल्या.

हो, हो… अगं ऐक ना. आपल्या मालिकेचा शेवटचा भाग सुरू झालाय. थांब, फोन रेडिओजवळ धरते… नुसती खरखर? मग मीच सांगते. त्या इस्टेटवाल्या काकाच्या सुपात पुन्हा कुणीतरी विष घातलं. आणि प्यायला कोण, तर चौथा पुतण्या… हो, गेला. भुकेला होता बिचारा. आणि काका विचारतोय, "मीठ कमी पडलं का रे?" … हळू हस. वॉर्डातल्या बाया काय म्हणतील?… त्याही ऐकताहेत? स्पीकरवर लावलायस? धन्य आहे तुझी.

म्हातारा काही मरत नाही बघ. त्याचं मरण दरवेळी दुसऱ्याच्याच गळ्यात… मला विचारशील तर स्वयंपाकीण. … छे, वकील कशाला घालेल? … तोंडात काय आहे तुझ्या? नीट बोल की.

थांब, थांब. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलंय. इन्स्पेक्टर म्हणतोय, दार लावून घ्या… कोण आलं? सिस्टर? … आज? आत्ता? उद्या होतं ना? … दुसरा पेशंट आला नाही म्हणून तुला घेताहेत? अगं, पण मी पोचेपर्यंत… बरं. बरं. शिवणाचं मशीन बंद करते, निघतेच मी.

काय विचारताहेत सिस्टर? … दुपारपासून पोटात काही गेलंय का? मग सांग की, नाही म्हणून… ताई. मघाशी तोंडात काय होतं तुझ्या?

बिस्किट. किती? … अख्खा पुडा? … माहितीय गं, खून पडायला लागले की तुला काहीतरी चघळायला लागतं, लहानपणापासूनची खोड आहे. पण सिस्टरना काय सांगितलंस? … "काही नाही"? असं कसं सांगितलंस तू?

कळतं मला. एकदाचं होऊन जाऊ दे, असं वाटतंय तुला. मलाही वाटतंय. पण भुलीत उलटी होऊन श्वासात अडकली म्हणजे? … एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही, हे तू मला नको सांगू. इथं चार पुतणे गेलेत, मला पाचवं मरण नकोय.

हाक मार त्यांना. नाहीतर फोन दे, मी सांगते… मग तू सांग. आत्ताच्या आत्ता. मी ऐकतेय… हं. किती खाल्लीस तेही सांग. … पुडा, म्हण. अख्खा.

ओरडल्या ना? ओरडू देत. … उद्या सहालाच? बरं झालं बाई.

रडू नकोस. अगं, रडतेस काय? संध्याकाळी येते ना मी, रात्रभर उशाशी बसते. … नाही, रागावले नाही. घाबरले होते.

काय? खुनी कोण निघाला? … मला काय माहीत, मी तुझ्यावर ओरडत होते ना. आता बातम्या लागल्यात इथं. … त्या बायांनाही नाही कळलं? त्यांना कसं कळणार, सगळ्यांनी आपलंच भांडण ऐकलं.

परवा दहाला पुन्हा लावतात हाच भाग. हो, रेडिओ घेऊनच येते तिकडे. पण ताई… परवा दहाला जागी असशील ना तू?… हसू नकोस, नीट सांग. असशील ना?… हॅलो?… ताई?