मत नको, दिसलं ते सांगा

लातूरहून बिलोलीला निघालेल्या गाडीत तिकिटं देऊन झाल्यावर दयानंद कंडक्टर आपल्या जागेवर टेकला. पुढच्याच बाकावर शेषेराव गुरुजी आणि देविका मॅडम बसले होते. दोघं वेगवेगळ्या शाळांचे मुख्याध्यापक. शिक्षकांचं काम कसं पारखावं, याचं प्रशिक्षण उरकून परत निघालेले.

"मॅडम, ते 'मत सांगू नका, दिसलं ते सांगा' काय डोक्यात शिरंना बघा."

"मग सराव करू या, सर. हे कंडक्टर घ्या. कसे आहेत?"

दयानंदनं कान टवकारले.

"चांगला माणूस हाय की."

"हे मत झालं. दिसलं काय?"

"दिसलं... अहमदपूरला त्या म्हातारीचं गठुडं आधी वर घेतलं, मग तिला हात दिला. ती बसंपर्यंत डबल बेल दिली न्हाई."

"बघा, जमलं! आता तुमच्या शाळेतल्या शिवांगी मॅडम घ्या."

"लई आळशी बाई हाय."

"दिसलं काय?"

"वर्गात बसलोच न्हाई कधी. व्हरांड्यातून जाता जाता बघतो. बाई खुर्चीत दिसती."

"आणि पोरं?"

"पोरं व्हरांड्यातून दिसत न्हाईत."

"मग?"

"उद्या परिपाठ झाला की जातो. मागं पोरांत मांडी घालून बसतो. आन् दिसंल तेवढंच बाईला सांगतो. आळशी असंल तर ते बी दिसंलच की!"

मॅडम हसल्या. दयानंद मघापासून तिकिटाचं मशीन उगीच पुसत होता. शेवटी त्याला राहवेना. तो पुढं वाकला.

"गुरुजी, माझं आजून काय दिसलं?"